पेन्शन घेतो आणि कामालाही जातो

आमच्या इंदूरच्या नातेवाइकांत सध्या एक वाद पेटलाय. माझा मामेभाऊ इंदूरजवळच्या पिथमपूरला ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात होता. पॉवर प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेच्या, मेडिकल बोर्डाने कमावण्याची ताकद किती घटली ते ठरवलं आणि त्या हिशोबाने दरमहा पैसे सुरू झाले. आता तो दुसऱ्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागलाय. मालाची आवक-जावक रजिस्टरमध्ये लिहितो, डाव्या हाताने. अक्षर अजून वाकडंतिकडं येतं, पण आकडा चुकत नाही. आणि रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत सगळ्यांचं एकच: पेन्शन घेतो आणि कामालाही जातो, हे कसं चालतं?

चालतं, आणि चाललंच पाहिजे. हे मी न्यू जर्सीतून ठामपणे लिहितेय, कारण मी स्वतः इथे अपंगत्वाचा भत्ता चालू असताना पुन्हा नोकरी धरली आहे.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे. या आजारात चार महिने बरे जातात, मग एखाद्या सकाळी पाय उचलत नाही. अशा माणसाला पगाराची भीती वाटत नाही, पगार सुटल्यावर काय याची वाटते. अमेरिकेतल्या सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी सामाजिक विम्याच्या, नियमांनी हीच भीती ओळखली आहे. 60 महिन्यांच्या काळात कामाचे 9 महिने चाचणीचे धरतात. त्या महिन्यांत कितीही कमावलं तरी भत्ता पूर्ण मिळतो. 2025 मध्ये 1,160 डॉलरच्या वर कमाई झालेला महिना चाचणीचा मोजला जायचा. ते 9 महिने संपले की पुढचे 36 महिने सवलतीचे: ज्या महिन्यात कमाई ठरलेल्या मर्यादेच्या (2025 मध्ये 1,620 डॉलर, अंधांसाठी जास्त) खाली येईल, त्या महिन्याचा भत्ता नवा अर्ज न करता मिळतो. त्यानंतर भत्ता बंद झाला आणि पाच वर्षांच्या आत त्याच आजाराने काम सुटलं, तर पहिल्यापासून सगळं सिद्ध करत बसावं लागत नाही. निर्णय होईपर्यंत सहा महिन्यांपर्यंत तात्पुरते पैसेही मिळू शकतात.

पगाराची प्रत्येक स्लिप मी तारीख टाकून फाइलला लावते. औषधांच्या पावत्या वेगळ्या ठेवते, कारण आजारामुळे काम करताना खिशातून जाणारा खर्च कमाईतून वजा होऊ शकतो. कमाईची नोंद उशिरा झाली तर जादा गेलेले पैसे सरकार परत मागतं, आणि तो आकडा पाहून भल्याभल्यांची झोप उडते. गरिबांसाठीच्या वेगळ्या योजनेत तर एकट्या माणसाजवळ 2,000 डॉलरहून जास्त शिल्लक चालत नाही, आणि ही मर्यादा 1989 पासून हललेली नाही. तेव्हा इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं असं मी म्हणणार नाही.

उलट माझ्या भावाच्या बाबतीत भारताचा कायदा इथल्यापेक्षा सरळ आहे. कामावर झालेल्या कायमच्या इजेबद्दल ईएसआयचा लाभ ही भरपाई असते. बोटं गेली ती गेली. तो पुन्हा कामावर गेला म्हणून ती परत येत नाहीत, म्हणून पैसेही थांबत नाहीत. नातेवाइकांना जो घोटाळा वाटतो तो त्याचा हक्क आहे.

लोकांच्या मनात संशय का येतो तेही कळतं. 2024 मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला आणि तेव्हापासून अपंगत्वाचं कार्ड दाखवणाऱ्या प्रत्येकाकडे लोक वाकड्या नजरेने बघू लागले. पण त्याची किंमत कोण भरतंय? अपंगत्व पेन्शनच्या केंद्राच्या योजनेत 80 टक्के अपंगत्व हवं आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नावही हवं. केंद्राचा वाटा 300 रुपये. राज्याची भर धरून मध्य प्रदेशात हातात पडतात 600. एवढ्यात महिन्याचा किराणाही होत नाही, तरी माणसं दुकानात किंवा कॉल सेंटरला लागायला कचरतात, कारण कमाई दिसली की यादीतून नाव जाईल, आणि नोकरी टिकली नाही तर पुन्हा तेच दाखले, त्याच रांगा. मला याचा खरंच राग येतो. 600 रुपयांसाठी धडधाकट बुद्धीचा माणूस घरी बसवून ठेवायचा!

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एक फार चांगलं कलम आहे. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढून टाकता येत नाही. त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं, जागा नसेल तर जादा पद निर्माण करावं लागतं. खासगी कारखान्यातल्या माणसाला हे संरक्षण नाही. आणि पिथमपूर सगळं खासगी.

मध्य प्रदेश सरकारने निदान एवढं लेखी द्यावं: नोकरी लागल्यावर वर्षभर पेन्शन चालू राहील, आणि नोकरी सुटली तर जुन्याच कार्डावर ती परत सुरू होईल.

भावाच्या शेजारच्या मशिनवर ठेकेदारामार्फत लागलेला एक मुलगा होता. त्याचाही हात गेला, पण ठेकेदाराने त्याचा ईएसआयचा विमा नंबरच काढला नव्हता, म्हणून तो गावी निघून गेला. ठेकेदाराच्या कामगारांची वर्गणी भरायची जबाबदारी कायद्याने मूळ कारखान्यावर असते, हे त्याला कोणी सांगितलं नाही. भावाकडे त्याचा फोन नंबर आहे. नातेवाइकांनी वाद घालायचाच असेल तर आधी त्याला इंदूरला बोलवा आणि ईएसआयच्या ऑफिसात अर्ज द्यायला सोबत जा.