ती मेलेली नव्हती दादा, कात टाकत होती

नमस्कार दादा. आधी सॉरी. त्या रात्रीचे तुमचे सात मिस्ड कॉल मी सकाळी बघितले, पावसाने कुडाळात लाईट गेलेली आणि टॉवरपण बंद होता, पण तुम्हाला त्याचं काय, तुम्ही घाबरलेले होतात आणि मी फोनवर भेटलो नाही. ती चूक माझी.

पण माझ्याकडून नेलेल्या टॅरँटुलाबद्दल, म्हणजे त्या मोठ्या केसाळ कोळ्याबद्दल, तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की "शांत टॅरँटुला सांगून आजारी माल खपवला, हाताला खाज सुटली आणि चौथ्या दिवशी उलटी पडून मेली". यातलं शेवटचं वाचल्यापासून मला झोप नाही.

टॅरँटुला कात टाकते तेव्हा पाठीवरच पडते, पाय वर पसरून, आणि तासन्‌तास तशीच असते. मेलेली अशी दिसत नाही, तिचे पाय पोटाखाली मुडपतात, मूठ आवळल्यासारखे, आणि ती बहुतेक सरळच असते. तुम्हीच पाठवलेला व्हिडिओ मी कितीतरी वेळा बघितला. पाय पसरलेले आहेत, खाली तिने जाळ्याची चटई घातलेली दिसते, ती चटई त्या कात टाकायच्या आधीच विणतात, आणि शेवटी पुढचा एक पाय हलतो, नीट बघा. तुम्ही स्वतःच लिहिलंय की झाडूच्या हिराने तिला सरळ केली, अंगावर पाणी मारलं आणि मग परसात माडाच्या मुळात टाकली. दादा त्या वेळी तिचं अंग इतकं मऊ असतं की नुसता धक्का लागला तरी फाटतं, दातसुद्धा पांढरे आणि मऊ असतात. तुम्ही मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही, पण आजारी माल हा शब्द मला लागला. तांदळाच्या दाण्याएवढी होती तेव्हापासून तीन वर्षं वाढवली होती तिला, माझी बायको तिच्यासाठी रातकिडे पाळते, या जातीची मादी नीट सांभाळली तर वीस वर्षंसुद्धा जगते.

आणि मी चिपळूण स्टेशनवर डबा हातात देताना सांगितलं होतं की पंधरा दिवस झाले खात नाहीये, पोटावर मागच्या बाजूचा केस गेलेला टकलाचा भाग काळा पडलाय, म्हणजे कात जवळ आली, हात लावू नका. हां, गाडी सुटायला लागली होती, मी दारातून ओरडून सांगितलं आणि तुम्ही व्हिडिओ काढत होतात, कदाचित नीट ऐकू गेलं नसेल. पावसाळी वेळापत्रकात गाडीच उशिरा आली, त्याला मी काय करू.

खाजेचं म्हणाल तर कर्ली हेअर, म्हणजे तुम्हाला दिलेली टॅरँटुलाची ही जात, शांत म्हणजे चावायला धावत नाही. हातात घेऊन खेळवायची असा त्याचा अर्थ नाही. त्रास झाला की ती मागच्या पायांनी पोटावरचे बारीक केस उडवते, मध्य अमेरिकेतल्या या जातींचा तोच बचाव आहे. पहिल्याच संध्याकाळी तुम्ही तिला मुलाच्या तळहातावर ठेवलीत, फोटो तुमच्याच स्टेटसला होता. बरं झालं केस डोळ्यात गेले नाहीत.

तुमच्या रिव्ह्यूनंतर दोन बुकिंग कॅन्सल झाली. आंब्याचा सीझन संपल्यावर आमचं घर यावरच चालतं, म्हणून एवढं लिहितोय, राग मानू नका. अर्धे पैसे आजच पाठवतो. यापुढे डब्यासोबत मराठीत लिहिलेला कागद देणार, कात जवळ आली असेल तर पाठवणारच नाही, फोनचं पण काहीतरी बघतो. आणि जमलं तर माडाच्या मुळात एकदा बघून या, नुसती कात मिळाली तरी मला कळवा.