डब्याची साखळी कुणी कापली?

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर माझाच फोटो फिरत फिरत मलाच आला. खाली लाल अक्षरांत: 'जपानमध्ये दुकानदाराविना दुकान! आपल्याकडे डब्यासकट पळवलं असतं.' त्यावर टाळ्या आणि नमस्कारांचा पाऊस.

अरे, फोटो माझाय! मागच्या ऑगस्टमध्ये काढलेला. नागोयाहून इनाकडे जाणारा १५३ नंबरचा रस्ता, ईदा सोडल्यावर. पत्र्याचं छप्पर, दोन फळ्या, वांग्यांच्या पिशव्या, पिशवीला १०० येन आणि पैसे टाकायला बिस्किटांचा जुना डबा. 'मुजिन हानबाई' म्हणतात याला. माणसाविना विक्री. आणि तो डबा खांबाला साखळीने बांधून कुलूप घातलेला होता. फोटो कापणाऱ्याने नेमकी साखळीच कापली. तेवढी अक्कल बरी असते यांना!

बरं बाबा, बहुतेक लोक पैसे टाकतात, मान्य. पण चोऱ्या तिथेही होतात, काही ठिकाणी कॅमेरे लागलेत. आणि आपला रसवाला 'राहू द्या, सुट्टे उद्या द्या' म्हणतो, त्याचा फोटो कधी फिरवलात?

मी तिथे वीस मिनिटं उकिडवा बसून फोटो काढत होतो, तेवढ्यात एक छोटा पांढरा ट्रक थांबला. मानेपर्यंत फडकं असलेली टोपी घातलेली आजी उतरली. कसले फोटो काढतोस, म्हणाली. म्हटलं, याचेच. हसत सुटली. "इथे? नानी मो नाई यो." काहीच नाही इथे. त्यांचं 'नाई' ऐकलं की मला आपलं घरच आठवतं, काय करू.

बोलता बोलता मातीने भरलेल्या बोटांनी तिने प्रत्येक पिशवी फिरवून वांग्यांचे देठ एका बाजूला केले. शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या प्रतवारीत न बसणारी वाकडी वांगी होती ती. मुलं नागोयात. ठेल्यावर बसणार कोण? ती स्वतः तर दिवसभर शेतात. यात कुठली संस्कृती शोधताय?

दोन पिशव्या उचलल्या तर माझ्याकडे फक्त हजाराची नोट. तिने हात हलवला, पुढच्या वेळी टाक म्हणाली.

म्हणजे ज्या फोटोखाली तुम्ही जपानी प्रामाणिकपणाला टाळ्या वाजवताय, त्यातली उधारी माझी आहे. त्यानंतर दोनदा तिथून गेलो. एकदा रात्री, अंधारात ठेला मागे कधी गेला कळलंच नाही. एकदा जानेवारीत, फळ्या उलट्या टेकवलेल्या, डबाही नव्हता. २०० येन गाडीतल्या कपाच्या खाचेत पडून आहेत.

मूळ फोटो खाली टाकतोय. डावीकडे बघा.