डंप वेगळा, टेलिंग वेगळं

गोव्यातल्या लोहखनिजाबद्दल एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे: ‘ओव्हरबर्डन, रिजेक्ट, टेलिंग ही सगळी खाणीतल्या मातीचीच नावं. त्यात लोह नसतं, असतं तर खाणवाल्यांनी टाकलं असतं का? शेतात भराव घालायला खुशाल वापरा.’ हे चुकीचं आहे, आणि शेतकऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

ओव्हरबर्डन म्हणजे खनिजाच्या थरावरची माती आणि जांभा. ती खणून थेट डंपवर, म्हणजे खाणीशेजारच्या ढिगावर जाते, खनिज धुण्याच्या प्लांटमध्ये येतच नाही. प्लांटमध्ये जो माल घालतात तो फीड. तो फोडतात, चाळतात, पाण्यानं धुतात. जास्त लोहाचा माल विक्रीसाठी वेगळा निघतो आणि उरलेला बारीक गाळ पाण्यासकट पाँडमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या तळ्यात सोडतात. हा गाळ म्हणजे टेलिंग. रिजेक्ट तिसरंच: त्यात लोह असतं, पण विकण्याइतकं नाही.

आता ‘लोह नसतं’ हा दावा. सोपा हिशेब मांडू. समजा, 55 टक्के लोहाचं 100 टन फीड घातलं, म्हणजे 55 टन लोह आत गेलं. त्यातून 60 टक्के लोहाचा 75 टन माल निघाला, तर त्यात 45 टन लोह आलं. राहिलेलं 10 टन लोह 25 टन टेलिंगमध्ये आहे, म्हणजे तब्बल 40 टक्के! ते मुद्दाम कोणी टाकत नाही. कण इतके बारीक असतात की चिकणमातीबरोबर तेही वाहून जातात.

शिवाय टाकाऊ कशाला म्हणायचं, ती रेषाही सरकते. नागपूरला मुख्यालय असलेल्या इंडियन ब्युरो ऑफ माइन्स या केंद्र सरकारच्या संस्थेनं हेमॅटाइट या लोहखनिजासाठी लोहाची किमान मर्यादा 2009 मध्ये 55 वरून 45 टक्क्यांवर आणली. 50 टक्क्यांचा जो माल आधी रिजेक्टच्या ढिगात गेला, तो नव्या नियमानं खनिज ठरला.

भरावाचा सल्ला तर सगळ्यात घातक. टेलिंग पिठासारखं बारीक असतं. शेतात पसरलं की मातीची छिद्रं बुजतात, वाळल्यावर वर कडक पापुद्रा धरतो आणि पाणी मुरत नाही. पाँडमध्ये तर ते पाण्यानं भिजलेलंच असतं. ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्योला 25 जानेवारी 2019 रोजी लोहखनिजाच्या टेलिंगचा बांध फुटला आणि 270 माणसं गेली. डंपही पावसात खचतो, पण टेलिंग पातळ होऊन कित्येक किलोमीटर वाहत जातं. म्हणून शेताच्या बांधावर ट्रक आला, तर माल डंपवरचा आहे की पाँडमधला हे आधी विचारा, आणि लोहाच्या टक्केवारीचा व कणांच्या आकाराचा तपासणी अहवाल हातात पडेपर्यंत तो उतरवू देऊ नका.