हेमिंग्वेच्या त्या वाक्यापुढची तीन वाक्यं

'जग प्रत्येकाला मोडतं, आणि मग माणूस मोडलेल्या जागीच मजबूत होतो.' अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेच्या नावावर हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. हल्ली त्याखाली चार ओळी जोडलेल्याही दिसतात: हे 'अ फेअरवेल टू आर्म्स' या कादंबरीतलं आहे, तीत जखमी सैनिक आणि नर्स यांचं प्रेम युद्धावर मात करतं, ही लेखकाची स्वतःचीच कहाणी आहे, आणि तीत पाऊस म्हणजे मरण.

मध्यंतरी माझ्या एका मैत्रिणीचं बाळ जन्मताच गेलं. ती दवाखान्यातून घरी आली आणि तिसऱ्या दिवशी तिला कुणीतरी हेच पाठवलं. पाठवणाऱ्याच्या मनात माया होती, याबद्दल मला शंका नाही. पण ही कादंबरी कुठे जाऊन संपते हे ठाऊक असतं, तर त्या दिवशी, तिला, हे वाक्य पाठवायला हात धजला नसता. म्हणून त्यातला एकेक दावा तपासून बघावासा वाटला.

आधी ते वाक्य. मुळात 'पुष्कळजण' मोडलेल्या जागी मजबूत होतात असं आहे, सगळे नाही. आणि तिथे परिच्छेद थांबत नाही. पुढची तीन वाक्यं साधारण अशी आहेत: जे मोडत नाहीत, त्यांना जग मारून टाकतं. फार चांगल्या, फार हळव्या, फार शूर माणसांना ते सारखंच मारतं. तुम्ही यांपैकी कुणीच नसाल तरी तुम्हालाही मारणार हे नक्की, फक्त त्याची विशेष घाई नसेल.

हे कोण बोलतोय? फ्रेडरिक हेन्री, इटलीच्या सैन्यात रुग्णवाहिका चालवणाऱ्या तुकडीवरचा अमेरिकन लेफ्टनंट. प्रसंग आहे स्ट्रेझा गावातल्या हॉटेलमधला. सैन्यातून निसटून तो त्याच्या प्रेयसीकडे, कॅथरीन बार्क्ली या नर्सकडे पोचलाय आणि दोघं पुन्हा एकत्र आहेत. पण कथा तो सगळं होऊन गेल्यावर सांगतोय. म्हणजे सुखाच्या त्या रात्रीचं वर्णन करताना ती आता नाही हे त्याला माहीत आहे. 'फार चांगली, फार शूर' म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे कोण असेल, ते वेगळं सांगायला नको. हा उपदेश नव्हे, शोक आहे.

आणि 'मोडणं' हा शब्द पुढे परत येतो. दोघं पळून स्वित्झर्लंडला गेल्यावर तिथल्या लोझानच्या इस्पितळात कॅथरीन तासन् तास कळा देतेय, वेदना कमी व्हायला दिलेला गॅसही आता लागू पडत नाहीये. तेव्हा ती म्हणते, मी आता शूर राहिले नाही, मी पार मोडून गेलेय, त्यांनी मला मोडलं. शेवटी पोट फाडून बाळ काढतात. मुलगा असतो, पण त्याचा श्वास सुरूच होत नाही. नाळ गळ्याभोवती अडकलेली असते. मग रक्तस्राव थांबत नाही आणि तीही जाते. जी मोडली, तिला मोडलेल्या जागी मजबूत व्हायला वेळच मिळत नाही. हेमिंग्वेने हा शब्द तिच्या तोंडी उगाच घातलेला नाही.

प्रेमाने युद्धावर मात केली, हा दुसरा दावा. फ्रेडरिक सैन्य सोडतो तो प्रेमाखातर नव्हे. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर 1917 मध्ये, कापोरेत्तोला इटलीची आघाडी कोसळली, त्या माघारीत टाल्यामेंतो नदीच्या पुलाशी सैनिकी पोलीस स्वतःच्याच अधिकाऱ्यांना बाजूला घेऊन गोळ्या घालत होते. त्याची पाळी येणार, म्हणून तो नदीत उडी घेतो. त्याआधीच, चिखलात रुतलेली गाडी काढायला मदत न करता चालू लागलेल्या एका सार्जंटला त्याने स्वतः गोळी घातलेली असते. आपण या पानावरून फार भरभर पुढे जातो. निघून जाणाऱ्यावर ज्याने गोळी झाडली, तोच थोड्या वेळाने निघून जातो. आणि कॅथरीनला युद्ध मारत नाही. ती मरते तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये, स्वच्छ इस्पितळात. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्याकडे म्हणत आले आहेत. तो धोका ओळखायला मराठी वाचकाला तळटीप लागत नाही. युद्ध आणि प्रेम दोन्ही शीर्षकातच आहेत: 'आर्म्स' म्हणजे शस्त्रंही आणि मिठीतले हातही. मराठीत हा श्लेष साधत नाही. 'फेअरवेल' म्हणजे निरोप, तो दोन्हींचा आहे.

लेखकाची स्वतःची कहाणी? अंशतः. 8 जुलै 1918 ला इटलीतल्या फोसाल्ता येथे हेमिंग्वे जखमी झाला, मिलानच्या इस्पितळात अ‍ॅग्नेस फॉन कुरोव्स्की या नर्सच्या प्रेमात पडला, आणि 1919 मध्ये तिने पत्राने नकार कळवला. ती पुढे 1984 पर्यंत जगली. कापोरेत्तोच्या वेळी तो इटलीत नव्हताच. ती माघार त्याने अभ्यासातून उभी केली. शस्त्रक्रियेने झालेलं बाळंतपण त्याच्या घरात घडलं ते 1928 मध्ये, दुसऱ्या पत्नीचं, आणि आई-मूल दोघंही वाचली.

राहिला पाऊस. मरणाची सावली त्यात आहेच. पहिल्याच प्रकरणात पावसाबरोबर कॉलरा येतो आणि सैन्यातले सात हजार नेतो. मिलानमध्ये कॅथरीन सांगते, मला पावसाची भीती वाटते, कधीकधी त्यात मी मेलेली दिसते. पण मग तळ्यावरच्या त्या रात्रीचं काय करायचं? वादळी रात्री होडी वल्हवत ती दोघं इटलीतून स्वित्झर्लंडची सीमा ओलांडतात, तो छत्रीचं शीड करतो, छत्री उलटी होते आणि कॅथरीनला हसू आवरत नाही. सकाळी ब्रिसागोला पोचल्यावर बारीक पाऊस पडत असतो आणि ती म्हणते, किती छान पाऊस आहे, असा आनंदी पाऊस इटलीत कधी नव्हता. पाऊस म्हणजे मरण, एवढंच पाठ करून बसलं तर हे वाक्य ऐकूच येत नाही. मृगाच्या सरींची वाट बघत वाढलेल्या आपल्याला तर ते पटकन ऐकू यायला हवं. तिने एकदा पावसावर विश्वास टाकला होता, म्हणून शेवटचा पाऊस इतका जड वाटतो.

त्या शेवटाबद्दलही सांगायला हवं. हेमिंग्वेने तो पुन्हा पुन्हा लिहिला. 2012 च्या आवृत्तीत 47 पर्यायी शेवट छापले आहेत. त्याचा कादंबरीकार मित्र स्कॉट फिट्झजेराल्ड याने हस्तलिखित वाचून सुचवलं होतं की कादंबरी त्या 'जग मोडतं' परिच्छेदावरच संपवावी. हेमिंग्वेने तसा शेवट करून पाहिला आणि बाजूला ठेवला. छापलेल्या पुस्तकात फ्रेडरिक नर्सना खोलीबाहेर काढतो, दार लावतो, दिवा मालवतो. काही उपयोग होत नाही. पुतळ्याचा निरोप घ्यावा तसं वाटतं. थोड्या वेळाने तो बाहेर पडतो आणि पावसातून चालत हॉटेलवर जातो.