रेफ्युजी व्हिसा फुकट आहे, तरी विकला जातोय

आखातात नोकरी गेली, इकामा (तिथला राहण्याचा परवाना) संपत आला किंवा बोटीवरचा पगार रखडला, की खेड-दापोली-राजापूरकडच्या पोरांना हल्ली हमखास सांगितलं जातं: "तू भारताबाहेर आहेसच, मग ऑस्ट्रेलियाचा रेफ्युजी व्हिसा टाक. डायरेक्ट पीआर." भाव लाखांत. यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर पोरं फसतात.

खरं एवढंच, की ऑस्ट्रेलियाचे २०० ते २०४ क्रमांकांचे व्हिसे ऑस्ट्रेलियाबाहेर असलेल्यांसाठीच आहेत आणि ते कायमच्या वास्तव्याचे आहेत. पण बाहेर असणं पुरत नाही. १९५१ च्या निर्वासित करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यापैकी कशामुळे तरी स्वतःच्या देशात छळ होईल, अशी साधार भीती हवी; २०२ साठी निदान मानवी हक्कांचं घोर उल्लंघन ठरेल इतका भेदभाव तरी. कफीलने, म्हणजे तिथल्या मालकाने, पासपोर्ट दाबून ठेवला, पगार बुडवला, हा अन्यायच. पण तो कुवेतमधला. माणूस रत्नागिरीला सुखरूप परतू शकतो ना? मग तो निर्वासित नाही. त्याने वकिलात गाठावी, परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकावी.

आता हे व्हिसे चालतात कसे ते बघा, म्हणजे एजंटची थाप आपोआप उघडी पडेल. २०० क्रमांकाचा बहुतेक वेळा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या शिफारशीवर मिळतो. आधी निर्वासित म्हणून नोंद, मग मुलाखती, आणि कुणाचं नाव पुढे पाठवायचं ते उच्चायुक्तालय ठरवतं. जगातल्या एक टक्क्याहून कमी निर्वासितांना एका वर्षात असं पुनर्वसन मिळतं. २०४ धोक्यात असलेल्या, पाठीशी कुणी नसलेल्या बायकांसाठी, २०३ जिवावर बेतलेल्या तातडीच्या प्रकरणांसाठी, २०१ स्वतःच्या देशातच अडकलेल्यांसाठी. २०२ ला ऑस्ट्रेलियातला प्रस्तावक लागतो: तिथला नागरिक, कायम रहिवासी, पात्र न्यूझीलंडर किंवा संस्था. अर्जदाराचा फॉर्म ८४२ आणि प्रस्तावकाचा ६८१, दोन्ही एकत्र जातात. २०२ मध्ये विमानाचं तिकीट अर्जदाराने किंवा प्रस्तावकाने काढायचं, २०० मध्ये तिथलं सरकार काढतं. या अर्जांना सरकारी फी शून्य, अपवाद फक्त २०२ मधल्या 'कम्युनिटी सपोर्ट प्रोग्रॅम'चा. उच्चायुक्तालयही कुठल्याच कामाचे पैसे घेत नाही. मग लाखभर रुपये नेमके कशाचे, ते एजंटला विचाराच.

निकषात बसलं तरी व्हिसा मिळेलच असं नाही. छळाची तीव्रता, ऑस्ट्रेलियाशी नातं, दुसरा देश सामावून घेईल का आणि तिथल्या समाजाची वसवून घेण्याची क्षमता, हे चारही तोलून निर्णय होतो. २०२३-२४ पासून वर्षाला २०,००० जागा आहेत, आणि त्यातच ऑस्ट्रेलियात पोचून आश्रय मागणारेही धरलेले.

खऱ्या निर्वासितांचे अर्ज फसतात ते बहुतेक कुटुंबाच्या तपशिलात. आधी गेलेल्याने आपला व्हिसा मिळण्यापूर्वी बायको-मुलांची नावं कळवलेली नसतील, तर मागून त्यांना कुटुंब म्हणून बोलावणं मोडतं. कळवलेली असतील तर त्याच्या व्हिसापासून पाच वर्षांच्या आत प्रस्ताव टाकावा लागतो. कॅनडात ही खिडकी एकाच वर्षाची. "आधी एकट्याचं होऊ दे, मग बघू" हा सल्ला म्हणूनच घातकी. अर्जानंतर मूल झालं तर तेही कळवायचं. फोन नंबर बदलला आणि सांगितलं नाही, तर मुलाखतीचा निरोपच पोचत नाही. वैद्यकीय तपासणी साधारण वर्षभरच ग्राह्य असते, सुरक्षा पडताळणी लांबली की छातीचा एक्स-रे पुन्हा. भारतातून जाणाऱ्यांची आणखी एक अडचण: आपण १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे दिल्लीत नोंदलेल्या अफगाण किंवा म्यानमारमधल्या चिन जमातीच्या निर्वासिताला परदेशाचा व्हिसा मिळाला, तरी एफआरआरओकडून (परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडून) बाहेर पडायचा परवाना वेगळा काढावा लागतो.

कॅनडा-अमेरिकेचं नाव घेणाऱ्यांवर तर मुळीच विश्वास ठेवू नका. कॅनडाने निर्वासितांना प्रायोजित करणाऱ्या पाच जणांच्या खासगी गटांचे नवे अर्ज नोव्हेंबर २०२४ मध्ये थांबवले. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये निर्वासितांना घेण्याचा अख्खा कार्यक्रमच स्थगित केला.

"टाकून तर बघू, गेला तर अर्ज गेला," असं म्हणणाऱ्यांसाठी, विशेषतः बोटीवरच्या पोरांसाठी: अर्जात छळाची खोटी कहाणी लिहिली की ती नोंदीत राहते. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका बोटांचे ठसे आपसात ताडून बघतात. कॅनडात खोट्या माहितीला पाच वर्षांची बंदी आहे. अमेरिकेकडे खोटेपणा केलेला सापडला तर कायमची, आणि सी-१/डी हा खलाशांचा व्हिसा नसेल तर अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या बोटीवर कंपनी घेईल का? सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) काढायला घरच्यांनी कलमांची बाग गहाण टाकलेली असते, ती अशी पाण्यात.

माझं स्पष्ट मत: अशा एजंटला आपल्या गावातला, नात्यातला म्हणून सोडू नये. तो परवाना दाखवेल, पण ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरची नोंदणी फक्त नोकरभरतीची असते आणि तिथेही सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. रेफ्युजी व्हिसा विकायचा परवाना भारत सरकार कुणालाच देत नाही. पैसे दिले असतील तर बँकेची किंवा यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा, आवाजी निरोपसुद्धा पुसू नका, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार तालुक्याच्या पोलीस ठाण्यात लेखी द्या. पोचपावती घेतल्याशिवाय तिथून उठू नका.