दरवर्षीचे आठ तास नावापुरते नाहीत

गेले काही आठवडे अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरतो आहे. मला तो तीन ठिकाणांहून आला. तिसऱ्यांदा आला तो माझ्या मावसबहिणीकडून, आणि खाली तिचा प्रश्न होता: “ताई, माझं ईएडी आलंय. करू का हे?” (ईएडी म्हणजे अमेरिकेत काम करण्याची परवानगी.)

मेसेज थोडक्यात असा: ‘नोकरी सांभाळून मॉर्गेज लोन ऑफिसर व्हा. २० तासांचा कोर्स आणि एक परीक्षा, मग लायसन्स आयुष्यभराचं. दरवर्षी ८ तासांचा कोर्स दाखवावा लागतो, पण तो नावापुरता. थोडे पैसे दिले की तुमच्या नावाने करून देणारे असतात. बँकेतल्या लोन ऑफिसरना तर तोही लागत नाही. ८ तास कुठल्याही राज्याला चालतात, ३१ डिसेंबरपर्यंत कधीही करा.’

मी सिएटलजवळ राहते. दहा वर्षांहून अधिक काळ लायसन्स घेऊन घरकर्ज देण्याचं हे काम करते आहे. वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्निया या तीन राज्यांत. या मेसेजमधलं एक वाक्य खरं आहे, बरीचशी चूक आहेत, आणि एक असं आहे की त्याच्या नादी लागलेल्या शेकडो लोकांनी तीन-तीन महिन्यांसाठी लायसन्स गमावलं. बहिणीला फोनवर सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण हा मेसेज वाचून कामाला लागणारी माणसं आपलीच आहेत आणि त्यांच्याकडून कर्ज घेणारीही आपलीच.

आधी ‘आयुष्यभराचं लायसन्स’. ते एका वर्षाचं असतं आणि ३१ डिसेंबरला संपतं. नूतनीकरणाचा अर्ज १ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर या काळात एनएमएलएस या देशव्यापी प्रणालीत करायचा आणि त्याआधी त्या वर्षाचे ८ तास पूर्ण झालेले हवेत. वर्षभरात एकही कर्ज केलं नसेल तरी हे तास चुकत नाहीत. सूट आहे ती ज्या वर्षी सुरुवातीचे २० तास पूर्ण केले त्या वर्षापुरती. आणि लायसन्स सोडून सलग ५ वर्षं झाली, तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते. ७५ टक्क्यांना पास असलेली ती परीक्षा एकदा दिलेल्या कुणालाही विचारा, पुन्हा द्यायची हौस आहे का म्हणून.

आता ‘नावापुरता’ हा शब्द. मला सगळ्यात जास्त लागला तो हाच.

हे ८ तास कुठून आले? २००८ साली अमेरिकेतला घरकर्जाचा बाजार कोसळला, तेव्हा कित्येक राज्यांत लायसन्स फक्त कंपनीला लागायचं. समोर बसून कर्ज विकणाऱ्या माणसाला ना शिक्षणाची अट होती, ना परीक्षेची. आमच्या सिएटलमध्येच मुख्यालय असलेली वॉशिंग्टन म्युच्युअल २५ सप्टेंबर २००८ ला बुडाली. सुमारे ३०७ अब्ज डॉलर मालमत्तेची ही बँक. अमेरिकेच्या इतिहासात त्याहून मोठी बँक बुडालेली नाही. तिने जोरात विकलेल्या कर्जांत ‘ऑप्शन आर्म’ हा प्रकार होता. दर महिन्याला किती भरायचं ते कर्जदाराने निवडायचं. सगळ्यात लहान हप्ता निवडला तर पूर्ण व्याजही फिटत नसे, उरलेलं व्याज मुद्दलात चढत जाई. हप्ते वेळेवर भरणाऱ्या माणसाचं कर्ज दर महिन्याला वाढत होतं, आणि हे त्याला नीट समजावून सांगणं कुणाची जबाबदारीच नव्हती.

त्याच वर्षी ३० जुलैला सेफ ॲक्ट या कायद्यावर सही झाली होती. लोन ऑफिसरचं लायसन्स, परीक्षा आणि दरवर्षीचं शिक्षण याच कायद्याने आणलं. ८ तासांची वाटणीही त्यातच आहे: ३ तास केंद्रीय कायदे आणि नियम, २ तास नीतिमत्ता (फसवणूक, ग्राहकसंरक्षण आणि कर्ज देताना भेदभाव न करणं हे त्यातच येतं), २ तास नेहमीपेक्षा वेगळ्या कर्जप्रकारांवर, आणि उरलेला १ तास ऐच्छिक विषयाचा. ते मधले २ तास बघा. या कायद्यानुसार ३० वर्षं स्थिर व्याजदराचं कर्ज सोडून बाकीचं प्रत्येक कर्ज ‘वेगळं’ ठरतं. म्हणजे आपल्याकडची कितीतरी कुटुंबं ‘सात वर्षांत कुठे इथे राहणार आहोत’ असं म्हणून घेतात ते आर्म, म्हणजे काही वर्षांनी व्याजदर बदलू लागणारं कर्जसुद्धा त्यातच आलं.

याच आर्मचं उदाहरण घेऊ. २०१५ साली शिकलेल्या माणसाला ठाऊक असतं की ठरलेली सुरुवातीची वर्षं संपली की व्याजदर लायबॉर या निर्देशांकाप्रमाणे वर्षातून एकदा बदलतो. डॉलरचा लायबॉर ३० जून २०२३ नंतर बंद झाला. आता सोफर हा निर्देशांक वापरतात आणि बऱ्याचशा नव्या आर्म कर्जांत दर सहा महिन्यांनी बदलतो. ‘वर्षातून एकदा’ आणि ‘वर्षातून दोनदा’ यातला फरक ज्याला माहीत नाही, तो समोरच्याला हप्त्याचा काय अंदाज देणार?

दुसरं उदाहरण तर थेट आपल्या उंबरठ्यावरचं आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या कुटुंबाला पूर्वी एफएचए या सरकारी संस्थेच्या हमीचं कर्ज मिळत असे, साडेतीन टक्के डाउन पेमेंटवर. हाउसिंग खात्याने मार्च २०२५ मध्ये पत्रक काढलं आणि २५ मे २०२५ पासून कायम रहिवासी नसलेल्यांसाठी ही सोय बंद केली. त्या उन्हाळ्यात एक तरुण जोडपं माझ्याकडे आलं. दोघंही एच-१बीवर, मुलगी दोन वर्षांची. ओळखीतल्या एका लोन ऑफिसरने त्यांना एफएचएवर कर्ज बसेल असं सांगितलं होतं. त्या भरवशावर त्यांनी घरासाठी बोली लावली, ती मान्य झाली, इसाऱ्याचे पैसे भरले. पुढे अर्ज अडला तेव्हा त्यांना कारण कळलं. एच-१बीवर कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं कर्ज मिळतं, अगदी ५ टक्के डाउन पेमेंटवरही. योग्य माणूस भेटला असता तर पहिल्याच दिवशी तो रस्ता निघाला असता. आम्ही धावपळ करून ते जमवलं. पण मधल्या अकरा दिवसांत त्या मुलीची आई इसारा जाणार का याच प्रश्नाने रात्रभर जागी असायची. तिने मला पहाटे साडेतीनला पाठवलेले मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहेत.

८ तासांच्या कोर्समध्ये असा प्रत्येक बदल येतोच असं मी म्हणणार नाही. काही कोर्स खरोखर कंटाळवाणे असतात. स्लाइड वाचून दाखवणारे शिक्षकही मी सोसले आहेत. त्यावरचा उपाय म्हणजे चांगला कोर्स निवडणं. वर्गात बसून करता येतो, शिक्षकासोबत थेट ऑनलाइन करता येतो, आपला आपण वाचूनही करता येतो. मी थेट शिकवणाराच निवडते, कारण तिथे आपल्या अडलेल्या फाइलबद्दल प्रश्न विचारता येतात. शिवाय मागच्या वर्षी केलेलाच कोर्स यंदा पुन्हा केला तर तो धरत नाहीत. कायद्यानेच तशी मनाई आहे, म्हणजे जुनंच पुन्हा घोकून वेळ भरून काढता येत नाही.

‘पैसे दिले की कुणीतरी करून देतो.’ हे वाक्य लिहिणाऱ्याला एक तर जानेवारी २०२२ मध्ये काय झालं हे माहीत नाही, किंवा माहीत असून तो दुसऱ्यांना खड्ड्यात घालतो आहे. कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाडमध्ये एक जण हेच करत होता, असा नियामकांचा आरोप होता. जे वर्ग भरलेच नाहीत त्यांची प्रमाणपत्रं द्यायची आणि ऑनलाइन कोर्स दुसऱ्यांच्या नावाने आपणच करायचे. ते उघडकीला आलं. ४२ राज्यांच्या नियामकांनी मिळून ४४१ लोन ऑफिसरशी समझोते केले. त्यांच्या अटी अशा होत्या: लायसन्स तीन महिने सोडायचं, जितक्या राज्यांत लायसन्स आहे तितक्या राज्यांना प्रत्येकी १,००० डॉलर दंड भरायचा, आणि नेहमीच्या ८ तासांवर आणखी शिक्षण घ्यायचं. माझ्यासारखीला म्हणजे ३,००० डॉलर आणि वर तीन महिने कमाई बंद. त्याहून वाईट म्हणजे अशी कारवाई नावाला चिकटते. एनएमएलएसच्या कन्झ्युमर ॲक्सेस या संकेतस्थळावर कुठलाही ग्राहक आपल्या लोन ऑफिसरचा क्रमांक टाकून फुकट बघू शकतो की लायसन्स कुठल्या राज्यांचं आहे, चालू आहे का, आणि नियामकांनी काही कारवाई केली आहे का.

आणि कोर्स सुरू करताना ‘हा मी स्वतःच करतो आहे’ असं तुम्ही आचारनियमांखाली मान्य केलेलं असतं. ग्राहकाच्या पगाराच्या स्लिपा खऱ्या आहेत की खोट्या हे तपासणं ज्याचं काम, त्यानेच स्वतःच्या शिक्षणाचं खोटं प्रमाणपत्र विकत घ्यायचं? नीतिमत्तेच्या त्या २ तासांसकट?

बँकेचा मुद्दा मात्र खरा आहे. ठेवी घेणाऱ्या बँकांच्या आणि क्रेडिट युनियनच्या लोन ऑफिसरना राज्याचं लायसन्स लागत नाही. ते केंद्रीय नोंदणीखाली येतात. २० तास, परीक्षा, दरवर्षीचे ८ तास यातलं काहीच त्यांना सक्तीचं नाही. त्यांना कामापुरतं प्रशिक्षण देण्याची जबाबदारी बँकेवर टाकलेली आहे. पण यावरून ‘मग हे शिक्षण निरुपयोगीच’ हा निष्कर्ष कसा निघतो? वॉशिंग्टन म्युच्युअलही ठेवी घेणारी संस्थाच होती. माझं मत विचाराल तर ही सूटच चुकीची आहे. ८ तास बँकेतल्यांनाही लागायला हवेत.

‘८ तास कुठल्याही राज्याला चालतात’ हेही अर्धवट. ते ८ तास देशभर धरले जातात, पण बऱ्याच राज्यांना त्यांच्या स्वतःच्या कायद्याचे तास वेगळे हवे असतात. वॉशिंग्टनला १, ओरेगनला २, कॅलिफोर्नियाच्या डीएफपीआय खात्याला १, न्यूयॉर्कला ३. माझी बेरीज दरवर्षी १२ तासांची होते.

मेसेजमधल्या ‘नोकरी सांभाळून’ या शब्दांबद्दलही सांगायला हवं. एच-४ ईएडी असलेल्यांना, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या ज्या जोडीदारांना कामाची परवानगी आहे त्यांना, हे काम करता येतं. एच-१बी वर असलेल्यांना नाही. त्यांची परवानगी ज्या कंपनीने अर्ज केला तिच्या कामापुरतीच असते. संध्याकाळी दोन तास कर्जाची कामं करून व्हिसा धोक्यात घालू नका. आणि नुसतं लायसन्स घेऊन घरी बसलं तर कर्ज करता येत नाही. ते चालू राहायला एखाद्या मॉर्गेज कंपनीने तुम्हाला आपल्याकडे नोंदवून घ्यावं लागतं.

राहिली ३१ डिसेंबरची गोष्ट. कोर्स संपला की त्याची नोंद एनएमएलएसमध्ये कोर्स घेणारी संस्था करते, आणि त्यासाठी तिला ७ दिवसांची मुदत असते. ३० डिसेंबरला कोर्स संपवलात तर ती नोंद वेळेत होईलच असं नाही. नोंद नसेल तर नूतनीकरण अडतं. बहुतेक राज्यांत जानेवारी-फेब्रुवारीत जादा शुल्क भरून लायसन्स पुन्हा चालू करता येतं, पण तोवर नवा अर्ज घेता येत नाही आणि हातातल्या फाइली दुसऱ्याकडे द्याव्या लागतात. त्या फाइलीतल्या माणसाचा व्याजदर लॉक केलेला असतो आणि त्या लॉकची तारीख कुणासाठी थांबत नाही.

बहिणीला मी करायला सांगितलं आहे. तिचे २० तास येत्या महिन्यात सुरू होतील. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मी माझा कोर्स करते. पुढच्या वर्षी तिचे पहिले ८ तास असतील, तेव्हा आम्ही दोघी एकाच वर्गात नाव घालणार आहोत.