सर्वपित्री आली की मला लाँग बीचचे ‘ता’ आठवतात

कॅलिफोर्नियात लाँग बीचला आम्ही चार वर्षं होतो. घरापासून दोन चौक सोडले की अनाहाइम स्ट्रीट, आणि तिथून पुढे सगळी कंबोडियन वस्ती. कोपऱ्यावरच्या डोनटच्या दुकानात पहाटे पाचला दिवे लागलेले असायचे. गल्ल्यावर लेक, आणि आतल्या टेबलाशी तिचे म्हातारे वडील डोनटची गुलाबी खोकी घड्या घालून उभी करत बसलेले. सगळे त्यांना ‘ता’ म्हणत. ख्मेरमध्ये, म्हणजे कंबोडियाच्या भाषेत, ता म्हणजे आजोबा. मीही तेच म्हणायला लागले. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती, तरी बघता बघता खोकं तयार व्हायचं.

ती बोटं कुठे गेली हे कळायला वर्ष गेलं. ता सैनिक होते, लॉन नोलच्या फौजेत.

१८ मार्च १९७० ला कंबोडियाचे प्रमुख प्रिन्स सिहानूक परदेशात असताना पंतप्रधान लॉन नोल आणि उपपंतप्रधान सिरिक मताक यांनी त्यांना सत्तेवरून काढलं आणि कंबोडिया अमेरिकेच्या बाजूने व्हिएतनाम युद्धात उतरला. भरतीला शाळा-कॉलेजातल्या पोरांची झुंबड उडाली. थोडे दिवस कवायत, की लगेच शहरातल्या बसगाड्यांतून आणि कोल्ड्रिंकच्या ट्रकमधून आघाडीवर रवानगी. ता तेव्हा सतरा वर्षांचे. ट्रकमध्ये रिकाम्या बाटल्यांचे क्रेट तसेच होते, त्यांच्यावर बसून गेलो, म्हणाले. रस्ताभर बाटल्या खळखळत होत्या, तो आवाज अजून कानात आहे.

एक गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. अमेरिकी संसदेने कायदा करून आपलं पायदळ आणि लष्करी सल्लागार कंबोडियात पाठवायला मनाई केली होती. म्हणजे पैसा, दारूगोळा, विमानं अमेरिकेची, पण चिखलात उभा राहणारा माणूस ख्मेर. १५ ऑगस्ट १९७३ पासून विमानांची बॉम्बफेकही बंद झाली. त्यानंतर वीस महिने हे लोक लढत राहिले.

१२ एप्रिल १९७५ ला अमेरिकी हेलिकॉप्टरं राजधानी नॉम पेन्हमध्ये उतरली आणि वकिलातीची माणसं घेऊन गेली. राजदूत जॉन गुंथर डीन यांनी सिरिक मताक यांनाही जागा देऊ केली होती. त्यांनी पत्र लिहून नकार दिला. असा भ्याडासारखा निघून जाऊ शकत नाही, आणि माझी चूक एवढीच की मी तुम्हा अमेरिकनांवर विश्वास ठेवला, असं त्या पत्रात आहे. पाच दिवसांनी शहर पडलं. त्याच महिन्यात ख्मेर रूजनी, म्हणजे शहर जिंकणाऱ्या कम्युनिस्ट बंडखोरांनी, सिरिक मताक यांना ठार केलं.

ते पत्र आज जगाला माहीत आहे. बात्तामबांग शहरातले लॉन नोलच्या फौजेचे अधिकारी मात्र कुणाला आठवत नाहीत. ख्मेर रूजनी त्यांना सांगितलं, सिहानूक परत येताहेत, स्वागताला चला, पूर्ण गणवेश घाला, पदकं लावा. पदकं छातीवर लावून ते ट्रकमध्ये चढले. वाटेत थिपडेई डोंगराजवळ उतरवून त्यांना गोळ्या घातल्या. तांचा थोरला भाऊ त्यांच्यात होता. वहिनीने सकाळी गणवेशाला कडक इस्त्री केली होती. हे सांगताना तांनी टेबलावर तळहात इस्त्रीसारखा फिरवून दाखवला. दोनदा.

तांनी स्वतःचा गणवेश घरामागे केळीखाली पुरला, कागद चुलीत घातले आणि विचारणाऱ्याला सायकलरिक्षा चालवतो म्हणून सांगितलं. त्यामुळे वाचले. १९७९ मध्ये थायलंडच्या सीमेवरची छावणी, मग अमेरिका.

आता मला जे म्हणायचंय ते. लाओसमध्ये अमेरिकेसाठी लढलेल्या ह्मोंग (तिथली डोंगरी जमात) आणि लाओ सैनिकांसाठी २०१८ मध्ये कायदा झाला. त्यांच्यातल्या पात्र लोकांना अमेरिकेच्या राष्ट्रीय लष्करी दफनभूमीत जागा मिळते. फार उशिरा झालं, पण झालं. त्या कायद्यात कंबोडियाच्या सैनिकाचं नाव नाही. तेही यावं, आणि हे लोक जिवंत असताना यावं. सतराव्या वर्षी भरती झालेला पोरगा आज सत्तरी ओलांडून गेलाय. आणि पुरावा म्हणून कागदच मागत बसू नका. ज्यांनी कागद जपून ठेवले त्यांचे जीव गेले, ज्यांनी जाळले ते तुमच्या गावात डोनट विकताहेत. सोबत लढलेल्या दोघांची साक्ष पुरेशी मानावी.

हे मी बोलले की काही मित्र चिडतात. लॉन नोलचं सरकार भ्रष्ट होतं, अमेरिकेच्या बॉम्बनी हजारो खेडूत मेले, त्यांचा कसला गौरव? सगळं खरं आहे. अधिकारी कागदावर खोटे सैनिक दाखवून त्यांचा पगार खायचे. ६ ऑगस्ट १९७३ ला नेआक लुओंगवर अमेरिकी विमानाने चुकून बॉम्ब टाकले आणि शंभराच्या वर माणसं गेली. गाव मित्रपक्षाचंच, मेलेल्यांत सैनिक आणि त्यांची बायकापोरं. पण म्हणूनच म्हणते. ज्यांचा पगार खाल्ला गेला, ज्यांच्यावर आपल्याच मित्राचे बॉम्ब पडले, त्यांच्या माथी लॉन नोलचं पाप का मारायचं?

आपल्या माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. युद्ध इंग्रजांचं, जमीन इटलीची, पोरगा आपल्या रायगडचा. १० जुलै १९४४ ला पडला, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. त्यांना कुणी इंग्रजांचा भाडोत्री म्हणत नाही, म्हणूही नये. मग तांनाच का?

अमेरिकेत मतदार असलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या भागातल्या खासदाराला एक पत्र लिहा. पाच मिनिटांचं काम आहे.

आपल्या पितृपक्षाच्या सुमारास कंबोडियन लोकांचा ‘प्चुम बेन’ हा पितरांचा सण असतो. महिन्याचं नाव भाद्रपदावरूनच आलंय, आणि बेन म्हणजे आपला पिंड. पंधरा दिवस, शेवट अमावास्येला. एका वर्षी ता मला पहाटे चारला विहारात घेऊन गेले. अंधारात सगळे भाताचे गोळे घेऊन भिंतीबाहेर फिरत होते, कारण प्रेतात्मे उजेडात येत नाहीत म्हणे. भाऊ गेला ती तिथी ठाऊक नाही. मी म्हटलं, आमच्याकडे अशांचं श्राद्ध सर्वपित्रीला करतात. ता थांबले, मान हलवली, हातातल्या भाताच्या गोळ्यांपैकी एक माझ्या हातावर ठेवला आणि भावाचं नाव सांगितलं. ते नाव घेऊन मी तो अंधारात टाकला.